सापाचे घर

(वन्यजीव सप्ताहानिमित्त ग्रामस्थ, शासकीय कर्मचारी व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोमंतकात गावोगावी सातेरी देवीचे पूजन वारुळाच्या रूपाने होते. वारूळ बांधते वाळवी आणि त्यात राहावयास येतो साप, ही गोष्ट येथील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु साप नेमका तेथेच का येतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वारुळाच्या जाड भिंतींमुळे बाहेर कितीही ऊन तापले तरी आतील उष्णता फारशी चढत नाही आणि पहाटेच्या गारव्यात ती फारशी उतरतही नाही. आतील मातीत ओलावा असतो आणि काळोख असतो. वाटा अरुंद असल्यामुळे वेटोळे घालून बसलेल्या सापाच्या अंगाला सर्व बाजूंनी मातीचा स्पर्श होत राहतो, आणि हा स्पर्श म्हणजेच त्याच्या दृष्टीने सुरक्षितता होय. ऊब हवी असेल तेव्हा तो तोंडाशी येऊन पडतो, नको असेल तेव्हा आत जातो. सापासाठी माणसाने तयार केलेली पेटी, पिंजरा, मडके वा टोपली यांची परीक्षा करावयाची झाल्यास वारुळाहून चांगली कसोटी नाही.

हा विषय निवडण्यास कारण आहे. मोठ्या शहरांतील काही घरांत आता काचेच्या पेटीत परदेशी अजगर दिसू लागला आहे. खेड्यात एखादा धाडसी तरुण घरात शिरलेला साप पकडतो आणि तो लगेच सोडण्याऐवजी दोन-तीन दिवस प्लास्टिकच्या बरणीत ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांस दाखवितो. कोठे एखादे हौशी शिक्षक मुलांना 'प्रत्यक्ष' दाखविण्यासाठी तोच साप शाळेत मागवितात. या सर्वांचा हेतू वाईट असतो असे नव्हे. पुष्कळदा तो प्रेमाचाच असतो. परंतु बरणीतील साप जेव्हा स्वस्थ पडलेला दिसतो तेव्हा तो माणसाळलेला नसतो, तर बहुधा गारठलेला, कोरडा पडलेला अथवा भ्यालेला असतो. सापाला पापण्या नाहीत, आवाज नाही आणि चेहऱ्यावर भाव नाहीत. कुत्रा विव्हळतो, गाय हंबरते; साप मात्र दुःखात आणि सुखात सारखाच दिसतो. म्हणूनच त्याला वाईट जागी ठेवणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे कळत नाही.

प्रथम कायद्याची बाजू स्पष्ट झालेली बरी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या रानावनातील व परसातील सापांना संरक्षण आहे. नाग असो, धामण असो वा मांडूळ असो, तो पकडून घरी बाळगणे, विकणे वा खेळविणे हा गुन्हा ठरतो. कायद्यातील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे नव्हे, तर पकडणेही येते, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते. अजगरासारखे जे प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत त्यांच्या बाबतीत शिक्षा तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची असून, २०२२ च्या दुरुस्तीने दंडाची किमान रक्कम २५ हजार रुपये झाली आहे. तेव्हा 'बिनविषारी आहे, ठेवला तर काय बिघडले?' हा प्रश्न कायद्यापुढे टिकत नाही.

परदेशी जातींचा प्रकार थोडा निराळा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींसाठी वरील दुरुस्तीने कायद्यास स्वतंत्र चौथी अनुसूची जोडण्यात आली. अशा जातीचा प्राणी ज्याच्याजवळ असेल त्याने त्याची नोंद राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावयाची असते. २०२४ च्या नियमांनुसार ही नोंदणी केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संकेतस्थळावरून होते. प्राणी दुसऱ्यास दिला, त्याला पिल्ले झाली वा तो मेला, तरी ते कळवावे लागते. विमानतळावर सामानात दडवून आणलेली सापांची पिल्ले पकडल्याच्या बातम्या वारंवार वाचावयास मिळतात. तेव्हा बाजारात मिळणारे प्रत्येक पिल्लू सरळ मार्गाने आलेले असते, असे कोणी समजू नये. खरेदीची कागदपत्रे नसतील तर तो साप घेऊच नये.

आता प्रत्यक्ष घराकडे वळू. कायदेशीर नोंद केलेला परदेशी साप म्हणजे बहुधा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील लहान अजगर असतो. भ्याला म्हणजे तो डोके आत घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून इंग्रजीत त्यास 'बॉल पायथन' म्हणतात. मराठीत चेंडू अजगर म्हणण्यास हरकत नाही. पूर्ण वाढ झाल्यावर तो साधारणपणे तीन ते पाच फूट भरतो. गंमत अशी की, आफ्रिकेतही हा प्राणी दिवसा उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळातच राहतो. म्हणजे आपल्या सातेरीच्या वारुळाचा धडा त्यालाही तंतोतंत लागू पडतो.

पूर्ण वाढलेल्या अशा सापास पेटी किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच असावी. सापाला अंग सरळ पसरता आले पाहिजे, हा साधा नियम. माशांची काचेची टाकी उलटसुलट करून वापरण्याची पद्धत आहे, ती चांगली नाही. टाकी चारी बाजूंनी उघडी दिसते आणि झाकण वर असते. रानात सापावर घाला येतो तो वरून, घारीचा अथवा गरुडाचा. त्यामुळे वरून येणारा हात पाहून तो दर वेळी हादरतो. यास्तव पेटीच्या तीन बाजू अपारदर्शक असाव्यात आणि दार समोर असावे. धारदार तारेची जाळी लावू नये. बाहेर पडण्याची वाट शोधताना साप नाकपुडी जाळीवर घासत राहतो आणि तेथे जखम होऊन ती चिघळते.

पेटीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता, आणि सर्वांत अधिक चुकाही याच बाबतीत होतात. सापाच्या शरीरात स्वतःची ऊब निर्माण होत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेले अन्न पचविण्यास ऊब लागते. ती मिळाली नाही तर गिळलेला उंदीर पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. उलटपक्षी, सबंध पेटी सारखीच तापविली तर त्याला पळून जाण्यास गार जागा उरत नाही. म्हणून पेटीच्या एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश अशी चढती-उतरती उष्णता ठेवावी. दोन्ही टोकांना थर्मामीटर लावावा. हात लावून अंदाज घेणे पुरेसे नाही. उष्णता विजेच्या साधनाने दिली जात असेल तर ती आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट हवाच. आतील दिव्यास जाळीचे संरक्षक टोपण असावे, कारण साप उबेसाठी उघड्या दिव्याला विळखा घालतो आणि कातडी भाजत असतानाही पुष्कळदा दूर होत नाही. विजेने तापणारे कृत्रिम दगड याच कारणाने टाळावेत.

त्यानंतर आडोसा. येथे एक बारकावा आहे. पुष्कळ जण पेटीत एकच आडोसा ठेवतात आणि तोही शोभेसाठी. तो गार टोकाला असेल तर सापासमोर पेच उभा राहतो: ऊब घ्यावी की लपावे? भित्रा साप लपणे पसंत करतो, उबेविना दिवस काढतो आणि आजारी पडतो. मालकास मात्र वाटते की त्याला उष्णता आवडत नाही. यास्तव आडोसे दोन हवेत, शक्यतो एकसारखे, एक उबेकडे आणि एक गारव्याकडे. ते प्रशस्त नकोत, उलट इतके आखूड असावेत की वेटोळ्याला भिंती लागाव्यात. फुटक्या मडक्याचा पालथा घातलेला अर्धा भाग, कडा घासून बोथट केल्यावर, बाजारातील महागड्या शोभेच्या गुहेपेक्षा उत्तम काम देतो.

तळाशी वर्तमानपत्राचा कागद वा नारळाच्या काथ्याचा भुसा पसरावा. उग्र वासाच्या लाकडाचा भुसा सापाच्या श्वसनाला बाधतो. पाण्याचे भांडे जड व पसरट असावे, म्हणजे ते उलटणार नाही. कात टाकण्याच्या सुमारास सापाचे डोळे दुधाळ होतात. तेव्हा ओलसर शेवाळ वा ओले फडके ठेवलेली एक छोटी डबी आत द्यावी, म्हणजे कात तुकड्यातुकड्यांनी न निघता एकसंध निघते. त्या दिवसांत त्याला हात लावू नये. त्याला नीट दिसत नसते. पेटी दाराशी वा मिक्सरजवळ ठेवू नये, कारण बाह्य कान नसले तरी जमिनीतून येणारी थरथर सापाला चांगली जाणवते. एका पेटीत एकच साप ठेवावा. त्याला मेलेला उंदीरच द्यावा. जिवंत उंदीर रात्रभर आत राहिला तर सुस्त सापालाच कुरतडतो. पेटी साफ केल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना त्या पेटीपासून दूर ठेवावे, कारण सापाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात.

परदेशी पुस्तकांत हे सर्व लिहिलेले असते. परंतु ती पुस्तके थंड देशांत लिहिलेली आहेत. पेटीतील ऊब आणि ओलावा टिकवावा कसा, ही त्यांची चिंता. आपल्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर हवाच पाण्याने भरलेली असते. तेव्हा तेथील सल्ल्याप्रमाणे पेटीत रोज पाणी शिंपडले तर भुशाला बुरशी येते आणि सापाच्या पोटाखालच्या खवल्यांना फोड येतात. पावसाळ्यात भुसा काढून कोरडा कागद घालणे आणि तो भिजताच बदलणे हेच बरे. हवा खेळण्यासाठी गार टोकाला खाली आणि उबेच्या टोकाला वर अशी बारीक छिद्रे असावीत. ऊबदार हवा वर चढून बाहेर जाते आणि खालून ताजी हवा आत येते. मे महिन्यात अडचण उलटी असते. थर्मोस्टॅट उष्णता बंद करू शकतो, गारवा निर्माण करू शकत नाही. खोलीच जर ३५ अंशांपलीकडे गेली तर पेटी उत्तरेकडच्या भिंतीशी, जमिनीवर आणावी लागते. ज्या घरी उन्हाळ्यात वीज वारंवार जाते, तेथे हा विचार साप आणण्यापूर्वीच झाला पाहिजे.

दाराला कुलूप हवे, केवळ खिट्टी नव्हे. ज्या फटीतून सापाचे डोके जाते तेथून बहुधा तो सबंध जातो. सुटलेल्या सापाने काय होऊ शकते याचे उदाहरण अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात आहे. तेथे घरी पाळलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले अथवा कंटाळलेल्या मालकांनी सोडून दिले. एव्हरग्लेड्सच्या दलदलीत त्यांची वस्ती वाढत असल्याचे २००० सालाच्या सुमारास मान्य झाले. पुढे त्या दलदलीच्या काही भागांत रॅकून व ससे जवळजवळ दिसेनासे झाले. अजून ते अजगर हटलेले नाहीत.

आणि ही पेटी किती वर्षे सांभाळावयाची? सेंट लुई येथील प्राणिसंग्रहालयात एक चेंडू अजगर मादी १९६१ साली एका खाजगी मालकाकडून आली. २०२० साली, वयाची साठी ओलांडल्यावर, तिने अंडी घातली. कॉलेजातील मुलाने हौसेने आणलेला साप त्याच्या लग्नानंतर, नोकरीनंतर, कदाचित निवृत्तीपर्यंतही जिवंत असू शकतो. आई-वडिलांनी परवानगी देताना हा हिशेब करावा.

इतकी सिद्धता एका बिनविषारी, शांत स्वभावाच्या सापासाठी लागते. यावरून गारुड्याच्या टोपलीतील नागाचे काय होत असेल याची कल्पना करता येईल. टोपलीत ना ऊब-गारव्याची निवड, ना पाणी. नागाचे विषदंत उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेले असते. नागपंचमीपूर्वी त्याला तहानलेला ठेवतात, म्हणून तो समोर आलेले दूध पितो. एरवी दूध हे सापाचे अन्न नव्हे. आणि उपटलेल्या दातांमागे नवे दात तयार असतात. काही आठवड्यांतच तो नाग पुन्हा पूर्वीसारखा घातक होतो, याची माहिती टोपलीभोवती जमलेल्या मुलांना नसते.

मडक्यात साप ठेवण्याची मात्र एक शिस्तबद्ध पद्धत आपल्याच देशात आहे, आणि ती जाणून घेण्यासारखी आहे. तामिळनाडूतील इरुळा जमात पूर्वी सापाच्या कातड्यासाठी साप पकडून उदरनिर्वाह करी. १९७२ चा कायदा आणि त्यानंतर १९७६ साली कातड्यांच्या निर्यातीवर आलेली बंदी यांमुळे तो धंदा बंद झाला. १९७८ साली या लोकांची सहकारी संस्था स्थापन झाली. तिचे केंद्र चेन्नईजवळ वडनेम्मेली येथे आहे. वन खात्याच्या परवान्याने ते नाग, मण्यार, घोणस व फुरसे पकडतात, मातीच्या मडक्यात ठेवून मडक्याचे तोंड सुती कापडाने बांधतात, ठरावीक अंतराने विष काढतात आणि तीन-चार आठवड्यांत खूण करून साप रानात सोडून देतात. मडके काळोखी असते, त्याच्या भिंतीतून ओल झिरपल्याने ते गार राहते, आणि कापडातून हवा जाते. वारुळाचेच ते छोटे रूप म्हणावयाचे. याच विषापासून सर्पदंशावरील लस तयार होते. या जमातीतील वडिवेल गोपाल व मासी सडैयन या दोघांना २०२३ साली पद्मश्री देण्यात आली. परंतु तेथेही मडके हे सापाचे कायमचे घर नसते. मुदत संपली की त्याला सोडावयाचे असते, म्हणूनच ती व्यवस्था चालते.

आपल्या गावात ज्यांचा सापाशी संबंध येतो त्यांना पेटीपेक्षा पिशवीचा प्रश्न अधिक जवळचा आहे. घरात साप आला तर सामान्य माणसाने त्याला पकडण्याच्या भानगडीत पडू नये. लांबून नजर ठेवावी, खोलीचे दार लावून खालच्या फटीत कापड कोंबावे आणि वन खात्यास अथवा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे. सर्पमित्रानेही साप सुती पिशवीत घ्यावा, पिशवीचे तोंड नीट बांधावे आणि ती छिद्रे पाडलेल्या झाकणाच्या बादलीत ठेवावी. प्लास्टिकच्या बरणीत श्वास कोंडतो आणि उन्हातल्या गाडीत ठेवलेला साप थोड्याच वेळात मरतो. दोन साप एका पिशवीत घालू नयेत, काही खावयास देऊ नये, फोटोसाठी पुन्हा पुन्हा बाहेर काढू नये. साप त्याच दिवशी, पकडलेल्या जागेपासून फार दूर न नेता, वन खात्याच्या सूचनेनुसार सोडावा. दूरच्या जंगलात सोडलेल्या सापाला तेथील बिळे ठाऊक नसतात, तो आसऱ्यासाठी भटकत राहतो. वन्यप्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत पोलिसांस वा वन अधिकाऱ्यास कळविण्याचे बंधन कायद्यात आहे. परंतु सापाच्या बाबतीत ४८ तास पिशवीत ठेवणे कोणत्याही दृष्टीने इष्ट नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. कवड्या हा बिनविषारी साप आणि मण्यार हा अत्यंत विषारी साप, दोन्ही काळपट, अंगावर पांढरे पट्टे असलेले आणि दोन्ही रात्री घरात शिरणारे. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरळ होतात, मण्यारीचे पट्टे शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात, असे पुस्तकात असते. पण काही मण्यारींच्या अंगावर पट्टे जवळजवळ नसतातच, आणि बरणीत गुंडाळलेल्या सापाची मान कोठे आणि शेपूट कोठे हे पाहण्यासाठीच कोणी तरी झाकण उघडतो. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि श्वास मंदावतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार माणसे दगावली असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. शाळेतील बरणीने त्यात भर घालू नये. चित्रे, तक्ते आणि मातीचे नमुने वर्गासाठी पुरेसे आहेत. दंश झालाच तर चिरा देणे, घट्ट बांधणे, मंत्र घालणे यांत वेळ न दवडता, दंश झालेला अवयव न हलविता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून इस्पितळ गाठावे.

राहता राहिला परसातला साप. त्याने आपले घर स्वतःच निवडलेले असते: चिऱ्यांच्या गडग्यातील भोके, नारळाच्या सोडणांचा ढीग, रचलेली लाकडे. ही सर्व ठिकाणे काळोखी, ओलसर आणि उंदरांनी भरलेली असतात, म्हणजे सापाला हवे ते सर्व तेथे तयार असते. ती सर्वच नाहीशी करण्याची आवश्यकता नाही. सोडणांचा व लाकडांचा ढीग घराच्या भिंतीपासून, विशेषतः निजण्याच्या खोलीपासून दूर, बागायतीच्या टोकाला न्यावा. सांडलेले धान्य व उष्टे खरकटे दाराशी राहू देऊ नये. भिंतीच्या पायथ्याची भोके बुजवावीत, मोरीला बारीक जाळी बसवावी. पावसाळ्यात जमिनीवर न निजता खाटेवर निजावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात.